आठ पेले

पहाटे ४.५०. नळाला पाणी पाचला येतं. त्याआधी ताई उठतात. दत्तवाडीतली दहा बाय बाराची खोली. कॉटवर आजी. खाली नवरा, धाकटी आणि दादा. दादा अकरा वर्षांचा. धाकटी त्याला दादा म्हणते, म्हणून मीही दादाच म्हणते. नाव छापायचं नाही, असं ताईंनी पहिल्याच भेटीत बजावलंय. वर्गातली पोरं आधीच ‘दूधपित्या’ म्हणून चिडवतात.

मोठा दिवा लावत नाहीत. मोरीजवळचा बल्ब पुरतो. हंडा, कळशी, दोन बादल्या भरून होतात. मग दोन लिटर पाणी वेगळ्या पातेल्यात उकळायला ठेवतात. हे दादाचं. चांगलं खळखळू देतात, झाकण ठेवून गार करायला बाजूला सारतात. त्या पातेल्याला घरात दुसरं कुणी हात लावत नाही.

५.३५. ओट्यावर तीन वस्तू येतात. डिजिटल काटा, रवी आणि पावडरचा एक किलोचा डबा. काटा तुळशीबागेतून साडेतीनशेला घेतलेला. डबा १,५८० रुपयांचा. रिकाम्या डब्याचं वजन झाकणावर स्केचपेनानं लिहिलंय. ते वजा केलं की आत राहिलेत ५८८ ग्रॅम. डबा काल सकाळी फोडला. पन्नास ग्रॅमप्रमाणे आठ पेल्यांचे चारशे जायला हवे होते. गेलेत ४१२.

“बारा ग्रॅम उडाले,” ताई म्हणतात. हरवलेल्या सुट्ट्या पैशांबद्दल बोलावं तसं.

दादाला क्रोन्स आहे. आतड्याला आतून सूज आणि जखमा. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलातल्या तीन डॉक्टरांनी १९३२ साली हा आजार लिहून ठेवला. त्यांची नावं वर्णक्रमानं छापली, म्हणून पहिल्याचं, क्रोन यांचं, नाव त्याला चिकटलं. ताईंना यातलं काही माहीत नाही, आणि माहीत असून काही फरकही पडला नसता. त्यांना माहीत आहे ते असं: जेवलं की पोटात कळ, दिवसातून सहा-सात वेळा संडास, तोंड सतत आलेलं, संध्याकाळी अंग गरम. वर्षभरात उंची जेमतेम एक सेंटिमीटर. शाळेची तीच पँट दुसऱ्या वर्षीही ढगळ. आधीच्या एका दवाखान्यात टीबी सांगितला. सहा महिने टीबीचा कोर्स झाला. आपल्याकडे आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीतून बघितले तरी जुळ्या भावांसारखे दिसतात, त्यामुळे पुष्कळ पोरं या वाटेनं येतात. गोळ्या संपल्या, दुखणं तिथंच. मग मोठं हॉस्पिटल, पुन्हा दुर्बीण, आणि हा डबा.

सहा आठवडे फक्त हे प्यायचं. दिवसाला आठ पेले, मिळून १,८०० कॅलरी. पोळी नाही, भात नाही, फळ नाही, चहाचा घोटही नाही. पाणी चालतं. दिवसाला एक पेपरमिंटची गोळी चालते. आज चोविसावा दिवस.

५.५०. पातेल्यातलं पाणी कोमट झालं. मापाच्या भांड्यात २०० मिली. पाणी आधी, पावडर नंतर. उलट केलं की तळाला गोळा धरतो. सुरुवातीला ताई हातानंच अंदाज घ्यायच्या. हाताचा त्यांना भरवसा. मला दाखवायला म्हणून त्यांनी रात्रीच्या उरलेल्या कणकेचे तीन गोळे तोडून काट्यावर ठेवले. ४०, ४१, ४०. पावडरीला मात्र हात चालत नाही. ती हलकी, फुगते. चमचा दाबून भरला तर पेला घट्ट होतो आणि पोट बिघडतं, सैल भरला तर पोर उपाशी. म्हणून काटा.

रवी दोन्ही तळव्यांत धरून हळू घुसळतात. जोरात घुसळलं की फेस येतो, आणि फेस दादाला चालत नाही. मग पेला दहा मिनिटं तसाच ठेवायचा. फेस बसला की फ्रीजमध्ये. फ्रीज जुना, साडेचार हजारांना घेतलेला, याच कारणासाठी. हे पेय गार असलं तरच जातं.

सकाळचे तीन पेले एकदम करून ठेवतात. केलेलं चोवीस तासांच्या आत संपवायचं, बाहेर फार वेळ ठेवायचं नाही.

६.१५. दादा उठतो. तोंड धुतो. पायरीवर बसतो. स्टीलचा पेला, वर झाकण, झाकणाला भोक, भोकात स्ट्रॉ. झाकण ही त्याचीच युक्ती. वास नाकापर्यंत येत नाही. एक घोट, मग रस्त्यावरच्या रिक्षा मोजायच्या. पाच झाल्या की पुढचा घोट. पेला संपायला अकरा मिनिटं लागली. पहिल्या आठवड्यात चाळीस लागायची आणि तिसऱ्या दिवशी सगळं उलटून पडलं होतं. पहिले तीन दिवस मुद्दाम थोडं थोडं देत वाढवलं, तरीही.

ताई कॅलेंडरपाशी जातात. कालनिर्णयवर आजच्या चौकोनात एक उभी रेघ. पूर्वी तिथं दुधाचा हिशेब असायचा. आता पेल्यांचा असतो.

६.४५. सहकारनगरातलं पोळी-भाजी केंद्र. मागच्या बाजूला पत्र्याची शेड, दोन भट्ट्या, कणीक मळायचं यंत्र. यंत्र आल्यापासून खांदे वाचले, मनगटं नाहीत. ताई लाटतात, समोरची मावशी भाजते. घडीच्या पोळीला लाटणारीला दीड रुपया. गोळा, दाब, तेलाचं बोट, पिठाची चिमूट, घडी, लाटणं. मी घड्याळ लावून बघितलं. पंचेचाळीस सेकंदांना एक. कधी चाळीस. पोळी तव्यावर पडते तेव्हा पुढची अर्धी झालेली असते.

“तुमच्या पोराला खरंच काहीच देत नाही?” मावशी विचारते. बहुतेक रोजच विचारत असावी.

“देते की. आठ पेले.”

“पोळीचा पापुद्रा तरी…”

“मावशी, तवा बघा. जळतेय.”

८.४०. फोन थरथरतो आणि बंद पडतो. आजीचा मिस्ड कॉल. म्हणजे दुसरा पेला गेला. ताईंचे हात पिठाचे, त्या फोनकडे नुसतं बघतात. भिंतीवर खडूनं पोळ्यांचा आकडा लिहितात: १२०.

१०.२०. आज हॉस्पिटलचा दिवस म्हणून लवकर सुटल्या. २३० पोळ्या. पैसे शनिवारी.

१०.५५. हॉस्पिटलच्या फाटकाशी आजी आणि दादा उभे. दादाच्या खांद्याला थर्मास, आत बर्फाच्या पाण्यात बसवलेली बाटली. तिसरा पेला त्यानं रांगेतच संपवला. शेजारच्या बाकावर एक बाई मुलाला वडापाव भरवत होती. दादानं जागा बदलली. काही बोलला नाही.

११.४०. आहाराच्या मॅडमची खोली लहान. टेबल, वजनकाटा, उंचीची पट्टी, कोपऱ्यात निरनिराळ्या पावडरींचे रिकामे डबे. पेशंटला दाखवायला ठेवलेत. दादा चप्पल काढून काट्यावर चढतो. २६.३. आला त्या दिवशी २४.१ होता. मॅडम आकडा मोठ्यानं वाचतात. सीआरपी, म्हणजे रक्तातला सुजेचा आकडा, ४८ वरून ६ वर आलाय. ताई विचारतात, “ती संडासची तपासणी परत करायची का?” ती कॅलप्रोटेक्टिन. आतड्यात सूज किती ते विष्ठेतून सांगते. अडीच हजार रुपये.

“आत्ता नको. सहा आठवडे झाले की एकदाच करू.”

ताईंचे खांदे जरा खाली येतात.

मॅडम संडास किती वेळा, पोट दुखतं का, रात्री झोप लागते का, सगळं दादाला विचारतात, आईला नाही. दादा म्हणतो, “दुखत नाही. कंटाळा येतो.” मॅडम तेही लिहून घेतात. माझं कुतूहल बघून सांगतात की हे पेय साधंच आहे. प्रथिन, स्निग्ध, साखर, क्षार, जीवनसत्त्वं. औषध असं त्यात काहीच नाही. लंडनमध्ये १९८४ साली अशाच द्रव आहाराची स्टेरॉइडशी तुलना छापून आली, तेव्हापासून डॉक्टर हे गंभीरपणे घेऊ लागले. इटलीत २००६ मध्ये ३७ मुलांवर अभ्यास झाला. दहा आठवड्यांनी दुर्बिणीतून पाहिलं, तेव्हा पेयावरच्या मुलांपैकी ७४ टक्के जणांच्या आतड्याच्या जखमा भरत आल्या होत्या. स्टेरॉइडवरच्यांत ३३ टक्के. नेमकं कशानं बरं होतं? आतड्यातल्या जंतूंची वस्ती बदलते म्हणून, की रोजचं अन्न थांबतं म्हणून? याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडे नाही.

स्टेरॉइडचा पर्याय ताईंसमोरही ठेवला होता. त्या गोळ्यांना महिन्याला दोनशेही लागले नसते. पण वाढीच्या वयात त्या उंची अडवतात, हाडं ठिसूळ करतात. डॉक्टरांनी दोन्ही बाजू सांगितल्या आणि बाहेर बसून विचार करा म्हणाले. ताईंनी दहा मिनिटांत डबा म्हणून सांगितलं. मग नवऱ्याला फोन केला.

दुसऱ्या एका मुलाचे वडील छापील कागद घेऊन येतात. इस्रायलच्या डॉक्टरांनी बसवलेलं पथ्य. निम्मं पेय आणि निम्मं ठरावीक जेवण. २०१९ मध्ये त्याचे निकाल छापून आले आणि मुलांना ते नुसत्या पेयापेक्षा जास्त सोसतं. मॅडम कागद ताईंनाही दाखवतात. रोज कोंबडी, दोन अंडी, बटाटा, सफरचंद, केळं. गहू नाही, दूध नाही. आजी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावतात. तो विषय तिथंच मिटतो.

दारात दुसरी एक आई. मुलीला अल्सरेटिव्ह कोलायटिस. तिला हाच डबा हवाय, कुणीतरी सांगितलं म्हणून. मॅडम दोनदा समजावतात की त्या आजारात हे पेय काम करत नाही, पैसे घालवू नका, गोळ्या चुकवू नका. ती बाई डब्याकडे बघतच राहते.

निघताना ताई विचारतात, “मॅडम, आठवड्यावर गणपती आलेत. नैवेद्याचा मोदक…”

“नाही.”

आजी म्हणतात, “प्रसादाला नाही म्हणू नये, बाई. कणभर.”

“आजी, कणाचा अर्धा मोदक कधी होतो कळत नाही. अठरा दिवस राहिलेत. मग एकेक पदार्थ सुरू करू, दोन-तीन दिवसांना एक. मोदकाचा नंबर लावते मी. लिहून ठेवू?”

आणि खरंच लिहितात. केस पेपरवर, शेवटच्या ओळीत: मोदक.

१.२०. बसनं घरी. तिघांचं तिकीट, वर थर्मास फुटू नये म्हणून दादाला खिडकीची जागा. चौथा पेला घरी आल्याबरोबर. नवरा मार्केट यार्डात हमाल आहे. चोवीस दिवस तो दुपारी घरी येत नाही. हमाल पंचायतीच्या ‘कष्टाची भाकर’मध्ये जेवतो. धाकटी शाळेत खिचडी खाते. घरात फोडणी बंद आहे. लसूण तडतडला की दादा उठून बाहेर जातो, म्हणून. आजी आणि ताई दुपारी दहीपोहे खातात. त्याला वास नसतो.

ताई पाय लांब करून हिशेब सांगतात. बेचाळीस दिवसांना सतरा डबे. २६,८६० रुपये. हॉस्पिटलात भरती होता तोवरचं योजनेत बसलं. घरचा डबा बसत नाही. मेडिकलवाला बिलावर त्याला औषध धरत नाही, शेजारी शाम्पू आणि बिस्किटं ठेवतो त्याच फळीवर हा डबा असतो. पैसे कुठून? भिशीतला नंबर दोन महिने आधी मागून घेतला, पंधरा हजार. हमालांच्या पतपेढीतून दहा. उरलेल्यासाठी कानातले. “मोडले नाहीत. ठेवलेत,” त्या घाईनं सांगतात. गहाण हा शब्द वापरत नाहीत.

२.१५. पाचवा पेला फ्रीजमध्ये आजीच्या हाताशी. सहावा कुल्फीच्या साच्यांत ओततात, चार साचे, आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवतात. गोठवलं की दादा तो आनंदानं खातो. चावता येतं. चोवीस दिवसांत दातांना काम मिळतं ते एवढंच.

३.१५. पुन्हा केंद्र. संध्याकाळच्या डब्यांच्या पोळ्या. यंत्र बंद पडलंय, कणीक हातानं मळायची. आठ किलो. मुठी आवळून, उभं राहून, सगळं अंग त्यावर टाकून. मी दहा मिनिटं करून बघितलं. पुढं नाही सांगत.

३.५०. आजीचा मिस्ड कॉल. पाचवा गेला.

४.३०. मालक येतो, कणीक बघतो, पाणी जास्त झालंय म्हणतो, जातो. मळणीचे वेगळे पैसे देणार का, हे कुणी विचारत नाही. मावशी त्याची पाठ वळल्यावर भट्टीशी काहीतरी पुटपुटते.

५.४०. मिस्ड कॉल. कुल्फी.

६.१०. १५० पोळ्या. सकाळच्या धरून ३८०. पाचशे सत्तर रुपये झाले. तुटक्या, डागलेल्या पोळ्या बायका वाटून घेतात. ताईंच्या वाट्याला पाच. कागदात गुंडाळून पिशवीच्या तळाशी, वर भाजीची जुडी.

६.४०. ताई पाय धुवायला मोरीत जातात आणि तिथंच थांबतात. खाली वाकतात. जाळीच्या कडेला पांढरट कड धरलीय. बोटानं उचलून वास घेतात. व्हॅनिला.

दादा अभ्यासाचं पुस्तक उघडून बसलाय. पान उलटं नाही, पण डोळेही त्यावर नाहीत.

आजी कॉटवरून म्हणतात, “मी बघितलं ना, पेला रिकामा होता.”

“रिकामाच असणार, आई.”

थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. एका पेल्याचे ७९ रुपये होतात. त्रेपन्न पोळ्या. हा भागाकार मी वहीत केला. ताईंनी कधीच केलेला असणार. त्या मोरीत तांब्याभर पाणी ओततात, जाळी घासतात. मग दादाजवळ खाली बसतात.

“कधी?”

“दुपारी.”

“आणि याआधी?”

“एकदा. शनिवारी.” मग हळूच, “नळी घालतील का?”

नळी नाकातून पोटात जाते. पेय पिणं जमलंच नाही तर ती घालतात. पहिल्या आठवड्यात उलट्या झाल्या तेव्हा दादाला ती दाखवली होती. आजीनं नंतर दोन-चारदा तिचा धाक घातला. मॅडमनी ते ऐकल्यावर आजीला बाजूला घेऊन सांगितलं होतं की नळी ही शिक्षा नाही, पोरं ती लावून शाळेतसुद्धा जातात, तिचा बागुलबुवा करू नका. पण एकदा बसलेली भीती बसली.

“नाही घालत. पण ओतलास तर मला सांगायचं. शिव्या नाही देणार. मला आठ भरायचे असतात.”

“सात चालत नाही?”

“काट्यावर चढतोस तेव्हा तुझं तुलाच कळतं.”

हे उत्तर त्याला पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. तो पुस्तकाचं पान उलटतो.

७.१५. पाणी पुन्हा उकळलं, गार केलं. ओतलेल्याच्या बदल्यात एक. काटा, पन्नास ग्रॅम, रवी, फेस. कॅलेंडरवर दुपारी आजीनं मारलेली रेघ ताई खोडत नाहीत, तिच्याभोवती गोल करतात. शनिवारच्या चौकोनाकडे बघतात. त्यावर कुठल्या रेघेला गोल करायचा, ते कळत नाही, सोडून देतात.

नवरा येतो. खांद्यावरचं फडकं, पाठीला मिरचीच्या पोत्यांची धूळ. दाराबाहेरच झटकतो, नाहीतर घरभर शिंका. दादाशेजारी बसतो आणि त्याच्या पेल्याला आपला पाण्याचा पेला टेकवतो. दोघं एकदम पितात. बापाचा आधी संपतो, मग तो हरल्यासारखं तोंड करतो. रोजचं असावं. दादाला आता हसू येत नाही, पण तो पितो.

८.३०. सातवा. नऊ मिनिटं.

९.५०. आठवा, आणि रात्रीची गोळी, अ‍ॅझाथायोप्रिन. तिचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. पेयानं सूज उतरवायची, गोळीनं ती पुन्हा चढू द्यायची नाही, असा बेत. तिच्यासाठी अधूनमधून रक्त तपासावं लागतं, त्याचे पैसे वेगळे. आठवा पेला संपता संपत नाही. तळाला दोन घोट राहतात. दादा आईकडे बघतो. ताई घड्याळाकडे बघतात. तो स्ट्रॉ काढून ठेवतो, नाक दाबतो आणि संपवतो. मग पेपरमिंट. जिभेवर घोळवत अंथरुणावर पडतो.

१०.३०. सगळे झोपले. ताई पेला, झाकण, स्ट्रॉ, रवी, बाटली, साचे गरम पाण्यानं धुतात. स्ट्रॉमधून बारीक ब्रश फिरवतात. मग पिशवीच्या तळाचा कागद काढून बाहेर जिन्यावर येऊन बसतात. दोन पोळ्या, कच्चा कांदा, मीठ. तीन सकाळच्या डब्याला. कांदा दाराबाहेरच फोडतात. मला एक पोळी पुढं करतात. नको म्हटलं तर आग्रह करत नाहीत.

आत येऊन डबा काट्यावर ठेवतात. वजा करून १३८ ग्रॅम. त्या बोटांवर मोजतात. सव्वासहाचा एक. साडेआठचा एक. मेडिकल नऊला उघडतं.

“बसतंय,” म्हणतात, आणि पावणेपाचचा गजर लावतात.